वाळलं की पांढरं होते

भाऊ, तुमच्या स्वयंपाकघरातल्या फरशीचे सगळे जोड मी उकरून काढले. ओट्यापासून मागच्या दारापर्यंत, आडवे आणि उभे, हातात लोखंडी पाती आणि गुडघ्याखाली उशी घेऊन, दिवाळीच्या सुटीत, शाळेतल्या बाकीच्या मॅडम घरी फराळाची ताटं भरत होत्या तेव्हा. तुम्ही असता तर दारात उभे राहून पाहिलं असतं आणि कुठे फरशीचा कोपरा उडाला ते बोटानं दाखवलं असतं. तुम्ही नाही, म्हणून काम पुरं झालं. बापाला भाऊ म्हणायची ही आपल्याकडची तऱ्हा बाहेरच्यांना कळत नाही. धाकट्याची पुण्याची बायको लग्नानंतर कितीतरी दिवस समजत होती की मी माझ्या कुणा वारलेल्या मोठ्या भावाबद्दल इतकं वाईट बोलते. काका लोक तुम्हाला भाऊ म्हणत, म्हणून आम्ही पोरं म्हणायला लागलो आणि तुम्ही आम्हाला कधी दुरुस्त केलं नाही. घरातल्या बाकी सगळ्या गोष्टी दुरुस्त करायचात, ही एकच तुमच्या नजरेतून सुटली.

आपलं घर मूल गावातल्या राईस मिलच्या मागच्या गल्लीत. धान निघालं की मिलच्या धुराड्यातून कोंड्याची काळी राख उडते आणि दोरीवरच्या कपड्यांवर, वाळत घातलेल्या वड्यांवर, माणसांच्या डोक्यावर बसते. अशा ठिकाणी स्वयंपाकघरात पांढरीशुभ्र फरशी घालायची हा विचार ज्या डोक्यात आला, त्या डोक्याचं मला लहानपणी कौतुक वाटायचं, हेही लिहून ठेवते. तुम्ही कोरपन्याकडच्या सिमेंट कंपनीत, स्टोअरमध्ये कारकून. आठवडाभर तिकडेच क्वार्टरमध्ये राहायचात आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायचात. म्हणजे राखेत राहायचं होतं आईला आणि पांढरी फरशी पाहुण्यांना दाखवायची होती तुम्हाला. गल्लीत सगळ्यांकडे शेणानं सारवलेलं किंवा फार तर कोबा केलेला असताना चंद्रपुरावरून आणलेली गुळगुळीत फरशी, तीही चुलीच्या खोलीत. लोक पाहायला यायचे आणि तुम्ही त्यांना चपला पार फाटकापाशी काढायला लावायचात.

फरशी बसली तेव्हा आई धाकट्याच्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. माझी शाळा बुडू नये म्हणून मी तुमच्याजवळ होते आणि तुम्ही कामासाठी रजा काढली होती. मी उंबऱ्यावर बसून मुरमुरे खात सगळं पाहत होते. फरशा लावून झाल्यावर मिस्त्री म्हणाला की आता जोड भरायला पांढरं सिमेंट आणा, दुकानात पुडीत मिळतं. तुम्हाला हसू आलं. सिमेंट कंपनीतला माणूस दुकानातून सिमेंटची पुडी आणणार, हे तुम्हाला पटणारच नव्हतं. तुम्ही कोपऱ्यातली कंपनीची पिशवी दाखवली, साधं राखाडी सिमेंट, ज्यानं भिंती बांधल्या तेच. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, हे काळं दिसन." तुम्ही म्हणालात, "आमचं सिमेंट आहे ते. वाळलं की पांढरं होते." तो गप्प झाला, कारण तो मिस्त्री होता आणि तुम्ही कंपनीतले. जोड भरले, पुसले, वाळले. ओल्या म्हशीची कोरडी म्हैस झाली, तेवढाच फरक पडला.

आई आली तेव्हा धाकटा मान धरायला लागला होता. तोवर त्या फरशीवरून मजूर, रंगारी, काका, मी, सगळे चालून गेलो होतो. तुम्ही तिला दारातच सांगितलं की जोड पांढरे होते, लोकांनी घाण करून टाकले, आता तुझं तू पाहून घे. तुम्ही जाणूनबुजून खोटं बोललात असं मला पूर्वी वाटायचं. आता तसं वाटत नाही. खोटं बोलायला माणसाला आधी खरं काय ते दिसावं लागतं. तुमचा हिशेब सरळ होता, कंपनीचं सिमेंट चुकत नाही, मग चुकली ती बाई. मला तर तेव्हा काहीच कळलं नाही. मी मोठी माणसं सांगतात ते मानणारी पोरगी होते आणि मिस्त्रीचं बोलणं मी मुरमुऱ्यांबरोबर गिळून टाकलं.

मग शनिवार सुरू झाले. शाळा सकाळची असायची. दुपारी मी गल्लीच्या तोंडाशी आले की ॲसिडचा वास यायचा, नाक आणि डोळे एकदमच झोंबायचे. आई पदर तोंडाला बांधून उकिडवी बसलेली असायची. संडासात टाकायचं ते ॲसिड, त्यात थोडं पाणी, कापडाच्या बोळ्यानं एकेका रेघेवर सोडायचं आणि घासायचं. जोडावर फेस यायचा, चुरचुर आवाज व्हायचा, आणि वाळल्यावर त्या रेघेवर एक पांढरट भुकटी धरायची. इथेच तर सगळी गोम होती. ती भुकटी पाहून आईला वाटायचं, आतलं पांढरं निघालं. ओलं फडकं फिरलं की ती भुकटी जायची आणि रेघ होती तशी काळी. आईला वाटायचं, कमी घासलं. आज मला माहीत आहे की ॲसिड सिमेंटच खात होतं, जोड खरबरीत होत होते आणि जितके खरबरीत तितकी मिलची राख त्यात बसत होती. घासल्यानं काळे होणारे जोड तुम्ही त्या बाईच्या पदरात टाकलेत आणि दर आठवड्याला तपासायला यायचात.

तपासणीही कशी. हातपाय धुऊन तुम्ही पाटावर बसायचात. ताट यायच्या आधी करंगळीचं ते वाढवलेलं नख एका जोडावरून ओढायचात. मग करंगळी वर धरायचात आणि आईला विचारायचात, "काऊन?" का असं, एवढंच. ओरडलात असतात तर ते भांडण झालं असतं आणि भांडणात बाईलाही काही बोलता येतं. काऊनला ती काय उत्तर देणार होती? ती म्हणायची, घासून राह्यली होती, राहून गेलं. मग तुम्ही जेवायचात. पोटभर जेवायचात, भाऊ, दुसऱ्यांदा भात घ्यायचात, आणि आई तुमच्यासमोर ओलसर, सोललेल्या बोटांनी वाढायची. मिठाचा हात लागला की ती बोटं झटकायची. ते तुम्हाला दिसत नव्हतं. तुमची नजर खाली फरशीवर होती.

एकदा तुम्ही तिच्यासाठी भेट आणलीत. लोक बायकोला लुगडं आणतात, बांगड्या आणतात, निदान चंद्रपूरच्या बसस्टँडवरचे पेढे आणतात. तुम्ही कंपनीतून तारेचा ब्रश आणलात, लाकडी मुठीचा, वर्तमानपत्रात गुंडाळून. आणि तो देताना तुमच्या चेहऱ्यावर खरंच प्रेम होतं, त्याचीच मला सगळ्यात जास्त किळस येते. "आता तुले सोपं जाईन," असं म्हणालात. आईनं तो ब्रश देवाजवळ ठेवून मग वापरायला काढला. तारा झिजल्या, मूठ राहिली, ती मूठ अजून फडताळात आहे.

आणि ती धानोऱ्याची बाई आठवते का? जंगलातून चारोळी, डिंक, मोहफुलं घेऊन यायची, आईची मैत्रीण. आई आणि ती चुलीपाशी बसून हसायच्या. आईला हसताना पाहायचं तर त्या बाईच्या येण्याची वाट पाहावी लागायची. एका शनिवारी तुम्ही लवकर आलात आणि तिचे मातीचे पाय पाहून तिला बाहेर ओसरीत बसायला सांगितलंत. ती उठली, टोपली उचलली आणि आईकडे पाहून म्हणाली, "तुह्या घरी फरशीच राह्यते वो बाई. तुमी कुठी राह्यता?" तुम्हाला ती थट्टा कळली नाही. ती पुढेही यायची, पण ओसरीवरच टेकायची. त्यानंतर स्वयंपाकघरात फक्त ब्रशाचा आवाज राहिला.

मला तुम्ही मारलं नाहीत, उपाशी ठेवलं नाहीत. फी भरलीत, सायकल घेतलीत, हे मी नाकारत नाही. पण माझ्या प्रत्येक गुणपत्रिकेवरून तुमचं ते करंगळीचं नख खाली खाली यायचं आणि जिथे मार्क कमी असतील तिथे थांबायचं. भूगोलात वर्गात पहिली आले होते, त्या रेघेवरून नख सरळ पुढे गेलं आणि गणितापाशी थांबलं. काऊन? मी म्हणाले, राहून गेलं. आईचंच उत्तर, तिच्याच आवाजात. पुढे मला चंद्रपूरला शाळेत नोकरी लागली, मी पेढे घेऊन आले, तेव्हा तुम्ही विचारलंत की सरकारी का नाही. नंतर मी तुम्हाला काही दाखवणं सोडून दिलं. चांगली बातमी असली की मी फोन आईलाच करायचे.

तुमचे शेवटचे दिवस चंद्रपूरच्या दवाखान्यात गेले. आई रात्रपाळीला तुमच्याजवळ असायची आणि सकाळी आंघोळीला माझ्या घरी जायची, तेव्हा मी यायचे. तेव्हा आपण दोघंच असायचो. मी खुर्ची जवळ घेऊन बसायचे. मरणाच्या दारात माणूस काहीतरी बोलतो असं ऐकलं होतं आणि मी मूर्खासारखी वाट पाहत होते. तुम्ही खरंच बोललात. पलंगावरून खाली मान करून वॉर्डाच्या फरशीकडे पाहिलंत आणि म्हणालात, "हे जोड पाह्य कसे काळे. घरी तुही माय पुसून राह्यली का नाई कोनाले मालूम." घरी कोण पुसणार होतं, भाऊ? तिला तुमच्या उशाशी बसून किती दिवस झाले होते ते तुम्हाला कळत नव्हतं. मी पाण्याचा पेला तुमच्या तोंडाला लावला. दोन दिवसांनी तुम्ही गेलात आणि मला रडू आलं नाही. लोकांना वाटलं, मोठी आहे, धीराची आहे.

तुमच्या तेरवीला अर्धं मूल गाव त्या स्वयंपाकघरातून चालून गेलं, चपलांसकट. वरण सांडलं, तूप सांडलं. दुसऱ्या दिवशी आई पदर तोंडाला बांधून खाली बसली. मी म्हटलं, शेवटचं करू दे, मग सुटेल. ती सुटली नाही. तुम्ही गेलात आणि शनिवार राहिला. मी चंद्रपूरला, धाकटा पुण्याला, आई एकटी, आणि दर शनिवारी ॲसिड. मी किती समजावलं. आई, आता कोण पाहणार आहे? ती म्हणायची, घाण कोनी पाह्यली तरच घाण असते का?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी शेजारणीचा फोन आला. आई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती, तोंड उघडं, श्वास आत जाईना. चंद्रपूरला आणली, ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी तिची छाती पाहिली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की इतक्या वर्षांच्या या वाफेनं आतून बरंच खराब झालं आहे, पुन्हा हा वास छातीत गेला तर ती उठेलच याची खात्री नाही. मी घरातलं ॲसिड फेकलं. तिनं दुकानातून मागवलं आणि तांदळाच्या पिंपामागे लपवलं. ते फेकलं, तर सरपणात दुसरी बाटली सापडली. वय सत्तरीच्या पुढचं, आणि दारुड्यासारख्या बाटल्या लपवते, तेही कशासाठी, तर तुमच्या करंगळीला काही लागू नये म्हणून.

मग मी उपाय शोधले. मोबाईलवर हजार बाया हसत हसत जोड साफ करतात. खायचा सोडा टाका, व्हिनेगर शिंपडा, दात घासायच्या ब्रशानं घासा, आणि पाहा, पांढरं. त्यांच्या घरामागे राईस मिल नसते. मी सोडा टाकला, लिंबू टाकलं, महागाची बाटली ऑनलाइन मागवली. राख निघाली, पण रेघ काळी ती काळीच. धाकट्यानं पुण्याहून सल्ला दिला की पूर्ण फरशीच फोडून टाक, आजकाल मोठ्या टाइल्स मिळतात, जोडच नसतात. सल्ले पुण्याहून फार लवकर पोचतात. आईला विचारलं तर म्हणाली, त्याईनं घातलेली फरशी आहे, मी जिती असेपर्यंत कोनी हात लावाचा नाई. फरशीला हात लावायचा नाही, पण जोड उकरून नवे भरायला तिची हरकत नव्हती. म्हणून मी पाती आणली.

पहिला जोड ओट्याच्या खालच्या कोपऱ्यात उकरला, जिथे पिंपामुळे कधी कुणाचा पाय किंवा फडकं पोचलं नव्हतं. वरचा काळा थर निघाला. खाली पांढरं लागेल म्हणून मी पाती दाबली. राखाडी निघालं. अजून खोल गेले. राखाडीच. पार तळापर्यंत, फरशीच्या खालच्या सिमेंट-रेतीच्या मसाल्यापर्यंत राखाडी, तुमच्या कंपनीच्या पिशवीच्या रंगाचं. मी तशीच बसून राहिले आणि मला उंबऱ्यावरची ती पोरगी आठवली, मुरमुरे, मिस्त्री, आणि तुमचं ते वाक्य, वाळलं की पांढरं होते. भाऊ, ती घाण नव्हतीच. एक दिवसही नव्हती. माझी आई अख्खा जन्म सिमेंटचा रंग घासत होती.

मी तो चुरा ताटलीत घेऊन ओसरीवर गेले. आई तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं, मिस्त्रीचं, पिशवीचं, सगळं. तिनं चुरा दोन बोटांत धरला, चोळला, उजेडात पाहिला. मला वाटलं आता ती तुम्हाला शिव्या घालेल आणि मी तिच्या शेजारी बसून साथ देईन, त्या क्षणासाठी मी किती वर्षं थांबले होते. तिनं दुसऱ्या हातानं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "मंग मी काय घासत होती वो इतके वर्स?" मी काही बोलायच्या आत तिनं चुरा ताटलीत परत टाकला, हात झटकले आणि म्हणाली, "त्याईले मालूम नसन. तू कोनाले सांगू नको. लोकं हासतीन त्याईले."

तुम्ही मेल्यावरही तुमची लाज राखायचं काम तिच्याकडेच. मी आत गेले आणि रागानं उरलेले सगळे जोड उकरले. हाताला फोड आले. मग ज्याला दुकानदार आता ग्राउट म्हणतो ते पांढरं भरलं, रबरी पट्टीनं दाबून, स्पंजानं पुसून. सुकलं आणि खरंच पांढरं झालं. फरशी बसल्यापासून पहिल्यांदा तुमचं स्वयंपाकघर तुम्ही लोकांना सांगत होतात तसं दिसलं. आईनं दारातून पाहिलं, बरं झालं म्हणाली, आणि मला वाटलं की आता सुटलो. मी चंद्रपूरला जायची बॅग भरली.

निघायचा दिवस शनिवार होता. दुपारी खोलीत मला तो वास आला. मी धावले. आई पदर बांधून खाली बसलेली, बाजूला बाटली, कुठून आणली देव जाणे, आणि त्या नव्या पांढऱ्या जोडावर बोळा धरलेला. मी बाटली हिसकावली, मागचं दार उघडलं, तिला हाताला धरून दाराजवळ बसवलं. तिचा श्वास शिटीसारखा वाजत होता. मी म्हटलं, "आता काय राह्यलं आई? पांढरं झालं ना?" तिनं श्वास जमवला. म्हणाली, "झालं. पर बरं झालं का नाई, कोन सांगन?" मी म्हटलं, "भाऊ नाई आता, आई." त्यावर ती चिडली. "मले मालूम आहे. मी येडी नाई झाली." आणि मग, खाली पाहत, अगदी हळू, "त्याईनं एकदा जरी म्हटलं असतं ना, बराबर केलं म्हनून, तं मी कवाच सोडून देल्लं असतं."

तिथे मला कळलं की मी चुकीची गोष्ट उकरत बसले होते. ती वाट पाहत होती तुमच्या एका वाक्याची, जे तुम्ही कधी बोलला नाहीत, आणि ते ऐकू येईपर्यंत ती घासत राहणार होती, छाती बंद पडेपर्यंत. आणि ते म्हणायला जगात एकच माणूस चालला असता आणि तो तुम्ही. म्हणून मी म्हटलं, "म्हटलं होतं त्याईनं."

तिनं मान वर केली. मी म्हटलं, दवाखान्यात, सकाळी तू आंघोळीला गेलीस तेव्हा. ते म्हणाले, "तिनं सारं बराबर केलं. मीच कधी म्हटलं नाई." आईनं हातातला बोळा खाली ठेवला. तिनं विचारलं, असंच म्हटलं का, याच शब्दात? मी म्हटलं, याच शब्दात. मग काऊन नाई सांगितलं मले इतके वर्स? मी म्हटलं, तू रडशील म्हणून. हे तिला पटलं. तिनं तोंडावरचा पदर सोडला, डोळे पुसले आणि माझ्या हाताला धरून उठली. मोरीपाशी जाऊन साबणानं दोन्ही हात धुतले, बोटांच्या मधे मधे, आणि पदराला पुसत म्हणाली, "मले मालूमच होतं. तोंडानं नाई म्हनत, पर मनात होतं त्याईच्या." मी त्या दिवशी निघाले नाही. ती अंगणात खाटेवर आडवी झाली आणि संध्याकाळपर्यंत झोपली.

त्यानंतर कितीतरी शनिवार गेले. ॲसिड घरात नाही. मी सरपण, पिंप, फडताळ, सगळं पाहिलं, आणि शेजारीण रोज डोकावते. आई फरशी साध्या पाण्यानं पुसते, जोडांकडे पाहतही नाही, राख बसून ते परत मळायला लागलेत आणि तिला त्याचं काही नाही. मात्र ते वाक्य तिनं सगळ्या गल्लीला सांगितलं आहे. दर वेळी त्यात भर पडते. परवा तिच्या तोंडून ऐकलं की तुमचे डोळे भरून आले होते आणि तुम्ही तिला हाक मारायला सांगितलं होतं. बाया पदरानं डोळे टिपतात आणि मला म्हणतात, तुझे वडील वरून कडक, आतून लोणी. आणि मी, जिला खरं काय ते माहीत आहे, मान हलवते. तुमच्या आयुष्यात जो चांगुलपणा तुम्हाला जमला नाही, तो तुम्हाला मेल्यावर आयता मिळाला, बोट न उचलता, आणि तो तुम्हाला देणारी मी. याच्याइतका अपमान तुम्ही जिवंतपणी माझा केला नव्हता.

ही पानं मी चंद्रपूरला नेऊन फाडणार आहे, कारण इथे राहिली तर आईच्या हाती लागतील आणि नुकतंच तिचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, सगळं स्वच्छ दिसतं तिला. तुमच्यापर्यंत पोचवायची सोय असती तरी पाठवली नसती. तुम्ही शुद्धलेखन पाहिलं असतं. पण फाडायच्या आधी एक गोष्ट लिहून टाकते, कारण ती मी कुणालाच सांगू शकत नाही. दाराजवळ बसलेल्या आईपुढे ते वाक्य बोलायला मला जराही विचार करावा लागला नाही. तिला वाटलं, मी आठवून बोलतेय. ते माझ्याजवळ तयारच होतं, पेढे घेऊन आले त्या दिवसापासून, कदाचित त्याच्याही आधीपासून, तुमच्याच आवाजात, तुमच्याच बोलीत. तू सारं बराबर केलं, मीच कधी म्हटलं नाई. त्यातला फक्त 'तू' काढला आणि 'तिनं' घातलं.